मेंढवाड्यावर मोकाट कुत्र्यांचे हल्ले : मेंढरे व शिंगरे यांचे संरक्षण

सुगी आटोपली की बेळगाव जिल्ह्याच्या चिकोडी-निपाणी भागात आणि सीमेपलीकडे कोल्हापूर-सांगलीच्या रानांत धनगरांचे वाडे उतरू लागतात. वाडा म्हणजे येथे दगडामातीची इमारत नव्हे. चारदोन बिऱ्हाडे, त्यांची शे-दोनशे मेंढरे, थोड्या शेळ्या, ओझ्याची तट्टे, कोंबड्यांची डालगी आणि राखणीची कुत्री असा हा चालता संसार असतो. शेतकऱ्याला खत हवे असते आणि धनगराला चारा व धान्य. म्हणून मोकळ्या झालेल्या शेतात एकदोन रात्री मेंढरे बसविण्याचा ठराव होतो. हा व्यवहार पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे व दोघांच्याही हिताचा आहे. मात्र वाडा गावालगत उतरला की धनगराची पहिली चिंता आता चाऱ्याची राहत नाही, ती गावच्या कुत्र्यांची असते.

अशा हल्ल्याची रीत बहुतेक ठिकाणी एकसारखी असते. दिवसभर चालून थकलेली माणसे पहाटेच्या सुमारास गाढ झोपलेली असतात. चारपाच कुत्री वाऱ्याच्या उलट अंगाने येतात. त्यांतील एकदोन वाघरीला भिडतात, मेंढरे बिथरून एका कोपऱ्यात दाटतात, जाळी कोसळते आणि कळप अंधारात चौफेर फुटतो. पुढची पाच-दहा मिनिटे काय घडते ते कोणालाच नीट दिसत नाही. उजाडल्यावर हिशेब लागतो. काही मेंढरे मेलेली, काही मांड्या फाटलेली, काही अंगावर ओरखडाही नसताना चेंगरून गुदमरलेली सापडतात. पायबंद घातलेली घोडी फार दूर पळू शकलेली नसते, आणि तिच्या शिंगराच्या मागच्या पायांना चावे पडलेले असतात. गावात विचारणा केली तर ‘लांडगा आला असेल’ असे उत्तर मिळते. आणि त्याच वेळी कोणाच्या तरी ओसरीखाली रक्ताळलेल्या तोंडाचे कुत्रे निवांत पडलेले असते.

या उत्तरातच संरक्षणाच्या प्रश्नाची मेख आहे. हल्लेखोर कोण हे ओळखल्याखेरीज त्याच्याविरुद्ध बांधलेले कुंपण, केलेली तक्रार आणि मागितलेली भरपाई यांपैकी काहीच धड उपयोगी पडत नाही.

हल्ला कोणाचा?

बिबट्या सामान्यतः एकच जनावर धरतो, नरडीत दात रोवतो आणि भक्ष्य आडोशाला ओढून नेतो. लांडगाही बहुधा मेंढरू उचलून कळपापासून दूर नेतो व खातो. कुत्र्यांच्या हल्ल्यात खाणे थोडे आणि फाडणे फार असते. चावे मांड्या, कुशी, शेपटीचे बूड, कान व तोंड अशा अनेक जागी, कसेही पडलेले दिसतात. एकाच रात्री पुष्कळ जनावरे जखमी होतात, पण एकही पुरते खाल्लेले आढळत नाही. हा नियम काटेकोर नाही. कोंडलेल्या कळपात शिरलेला लांडगाही एकाहून अधिक मेंढरे मारतो. म्हणून केवळ मेलेल्या जनावरांच्या संख्येवरून निवाडा करू नये; चाव्यांची जागा, ओढत नेल्याची खूण आणि पावलांचे ठसे ही सर्व एकत्र पाहावीत. बिबट्याच्या ठशात नखे सहसा उमटत नाहीत. कुत्र्याच्या व लांडग्याच्या ठशांत मात्र नखे उमटतात आणि ते दोन्ही ठसे इतके सारखे असतात की जाणकारही त्यांत फसतो.

कुत्रे भुकेपोटी हल्ला करते ही समजूतही पुष्कळदा चुकीची ठरते. माणसाच्या सहवासात हजारो वर्षे काढलेल्या या प्राण्यात शिकारीचा पाठलाग करण्याची आणि चावा घेण्याची ओढ टिकून आहे; मारून खाण्याचा शेवटचा टप्पा मात्र अनेकांत मंदावलेला आहे. म्हणून घरी भाकरी खाऊन आलेले कुत्रेही पळणारे मेंढरू दिसताच त्याच्या मागे लागते, आणि पळण्याचे थांबताच दुसऱ्याकडे वळते. एकटे असताना जे कुत्रे भुंकण्यापलीकडे जात नाही तेच चौघांच्या टोळीत वेगळे वागते. एकदा ही चटक लागली की तीच टोळी त्याच वाटेने पुन्हा येते. त्यामुळे पहिल्या हल्ल्यानंतरच्या चारसहा रात्री सर्वांत धोक्याच्या समजाव्यात आणि शक्य असल्यास वाड्याची जागाच बदलावी.

ज्यांना आपण सरसकट मोकाट म्हणतो त्यांतील बरीच कुत्री कोणाची तरी असतात. त्यांना दिवसा ठरलेले अंगण असते, शिळेपाके घालणारा हात असतो, पुष्कळदा नावही असते. रात्री ती सोडली जातात ती घराची राखण करावी म्हणून. पण घर सोडून ती रान धरतात. २०१९ सालच्या विसाव्या पशुगणनेत देशात भटकी कुत्री सुमारे १ कोटी ५३ लाख नोंदली गेली. घरची म्हणून नोंदलेली पण रात्री मोकळी असणारी कुत्री त्यात धरलेली नाहीत, आणि मेंढपाळाच्या दृष्टीने या दोहोंत काही फरक नाही.

हा प्रश्न केवळ दख्खनच्या पठाराचा नव्हे. हिमाचल प्रदेशातील स्पिती खोऱ्यात अभ्यासकांनी पाहणी केली तेव्हा शेळ्यामेंढ्यांच्या नुकसानीत मोकळ्या कुत्र्यांचा वाटा मोठा आढळला. ज्या खोऱ्यात हिमबिबट्या राहतो तेथील ही स्थिती आहे.

शिंगरू अधिक धोक्यात का?

मेंढरांच्या नुकसानीची निदान चर्चा तरी होते. वाड्यावरील तट्टांचा विचार कोणी फारसा करीत नाही. वास्तविक बिऱ्हाड हलविण्याचा सारा भार त्यांच्यावर असतो. भांडी, कनाती, पीठमीठ, चालू न शकणारी कोकरे आणि कधी तान्ही मुले यांच्या पाठीवरून जातात. तट्टू जायबंदी झाले तर वाडा जागेवर अडतो. २०१२ ते २०१९ या दोन पशुगणनांच्या दरम्यान देशातील घोडे व तट्टे सुमारे ४५ टक्क्यांनी घटून ३ लाख ४० हजारांच्या आसपास आली. त्यामुळे गेलेले जनावर पुन्हा मिळविणे आता पूर्वीइतके सोपे राहिलेले नाही.

घोडा हा मूळचा पळणारा प्राणी आहे. लढणे हा त्याचा शेवटचा उपाय. पूर्ण वाढीचा घोडा लाथेने कुत्र्याला दूर ठेवू शकतो, परंतु उंची जसजशी कमी होते तसतसे हे बळही कमी होते. अमेरिकेत हौसेने पाळल्या जाणाऱ्या ठेंगण्या घोड्यांच्या बाबतीत हे स्पष्ट दिसते. तेथील मुख्य संघटनेच्या नियमानुसार अशा घोड्याची उंची आयाळीच्या शेवटच्या केसांपाशी ३४ इंचांपेक्षा, म्हणजे सुमारे ८६ सेंटिमीटरपेक्षा अधिक असता कामा नये. मोठ्या कुत्र्याच्या खांद्याची उंचीच दोन-सव्वादोन फूट असते. त्यामुळे या घोड्याचे नाक, गळा व कूस कुत्र्याच्या तोंडाच्या सहज टप्प्यात येतात, आणि शेजारच्या मोकळ्या कुत्र्यांचा हल्ला ही तेथील मालकांची नेहमीची चिंता असते. आपल्याकडे असे शोभेचे घोडे क्वचितच आहेत. परंतु वाड्यावरचे महिना-दोन महिन्यांचे शिंगरू त्याच मापाचे असते, आणि त्याला तर लाथ कशी झाडावी हेही कळत नसते. ते दमले की आडवे पडून गाढ झोपते. नेमके त्याच वेळी आई पायबंद घातलेली असली तर ती त्याच्यापर्यंत पोहोचू शकत नाही.

पायबंदाविषयी येथे स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे. रात्री चरताना तट्टू दूर जाऊ नये म्हणून पुढचे दोन पाय जोडून बांधण्याची पद्धत सोयीची असली, तरी मोकाट कुत्र्यांच्या टापूत ती घातक आहे. अगाडी-पिछाडीने चारी बाजूंनी जखडलेल्या जनावराचीही तीच गत होते. ते दोराशी झगडताना स्वतःचे पाय सोलून घेते किंवा कोसळते. रात्री तट्टे उघड्यावर चरावयास सोडू नयेत. ती माणसांच्या निजण्याच्या जागेला लागून ठेवावीत, शिंगराची आई तर हाताच्या अंतरावर. पायबंद व पिछाडी काढावी, केवळ गळ्यातील दावे ठेवावे आणि ते सुरगाठीने बांधावे, म्हणजे अंधारातही एका ओढीत सुटते. घाबरून ओढलेल्या निरगाठीला पुढे विळाच लागतो.

घोडी विण्याची वेळ ही दुसरी जोखीम. गाभणकाळ सुमारे अकरा महिन्यांचा असतो व घोडी बहुधा रात्री विते. वारेचा व रक्ताचा वास कुत्र्यांना लांबून येतो. दिवस भरत आलेली घोडी ओळखून त्या पंधरवड्यात तिला गावातील एखाद्या बंद गोठ्यात ठेवण्याची सोय शेतकऱ्याने करून दिली, तर खतासाठी आलेल्या पाहुण्यावर ते उपकार नव्हेत; तो ठरावाचाच भाग समजला जावा. वार पडताच ती पूर्ण पडली आहे ना हे पाहून लगेच खोल पुरावी. मेंढ्या विण्याच्या हंगामातही हाच नियम पाळावा.

वाघर आणि कुंपण

वाघर, म्हणजे मेंढरांभोवती काठ्यांना ताणून उभी केलेली दोरांची जाळी, ही हलकी, घडी होणारी, तट्टाच्या पाठीवर नेता येणारी वस्तू आहे. ती मेंढरे आत राहावीत यासाठी योजलेली आहे. बाहेरचे जनावर आत येऊ नये यासाठी ती नाही. हा भेद लक्षात न घेतल्यामुळे बरेच नुकसान होते. कुत्र्याने जाळी तोडण्याची गरजच नसते. ते बाहेरून नुसते भिडले तरी आतील कळप विरुद्ध अंगाला दाटतो. दुबळी जनावरे खाली सापडून गुदमरतात आणि काठ्या उपटून जाळी पडते. म्हणून वाघर बळकट करण्यापेक्षा कुत्र्याला वाघरीपर्यंत पोहोचू न देणे महत्त्वाचे आहे.

त्यासाठी वाघरीच्या बाहेर चारपाच हातांवर बाभळीच्या किंवा बोरीच्या फांद्यांचे दुसरे कडे घालावे. फांद्यांची बुंधे आत व काटेरी शेंडे बाहेर असावेत, आणि त्या जमिनीलगत दाट असाव्यात. कारण कुत्रे उडी मारण्यापेक्षा खालून घुसणे पसंत करते. शेत ज्याचे आहे त्याने बांधावरील काटे तोडू दिले तर हे काम तासाभरात होते. नाही म्हणणारे शेतकरीही आहेत. त्यांना आपल्या शेतात मेंढरे बसवून घेण्याचा लाभ मात्र हवा असतो.

वाड्याची जागा निवडताना ओढ्याची घळ, उसाचा फड आणि गावची उकिरड्याची बाजू टाळावी. मोकळ्या, थोड्या उंच जागी कुत्री लांबून दिसतात. दिवसा मेंढरे चरावयास गेल्यावर कोकरे वाड्यावरच राहतात व सांभाळावयास एखादी म्हातारी किंवा मूल असते. डालग्याखाली झाकलेले कोकरू सुरक्षित नसते, कारण डालगे कुत्र्याच्या धक्क्याने उलटते. कोकरांसाठी कुडाची, कमरेइतकी उंच व वरून झाकता येणारी आडोशाची जागा करावी.

कायम वस्ती करून शेळ्या, वासरे किंवा घोडी पाळणाऱ्यांनी पक्के कुंपण करणेच योग्य. विणलेल्या तारेची जाळी पाच फूट उंच असावी. तिची घरे दोन इंच बाय चार इंच एवढी लहान असावीत, म्हणजे शिंगराचे खूर त्यांत अडकत नाही व कुत्र्याचे तोंडही जात नाही. जाळीचा खालचा फूटभर भाग जमिनीत पुरावा, अथवा बाहेरच्या बाजूला जमिनीवर आडवा पसरून त्यावर दगड ठेवावेत. उकरणारे कुत्रे नेमके जाळीच्या बुडाशी उकरते आणि तेथेच अडते. काटेरी तारेचे कुंपण घोड्यांसाठी वापरू नये. बिथरलेले घोडे रात्री तार पाहत नाही, आणि तारेने छाती किंवा पाय फाटल्याची जखम कित्येकदा कुत्र्याच्या चाव्यापेक्षा वाईट असते. फाटकाखालची फट हा सर्वांत दुर्लक्षित भाग. पाच फुटी कुंपण घालून फाटकाखाली वीतभर मोकळी जागा सोडलेले गोठे सर्वत्र दिसतात.

पिकांच्या राखणीसाठी आता अनेक शेतकरी सौर झटका-यंत्र वापरतात. त्याची एक तार जमिनीपासून सहा-आठ इंचांवर ठेवल्यास कुत्र्यांवरही उपयोग होतो. मात्र यंत्र प्रमाणित असावे आणि तारेखालचे गवत कापलेले असावे. घरातील किंवा विहिरीच्या मोटारीच्या विजेची तार कुंपणास जोडणे हा कायद्याने गुन्हा आहे, आणि त्यात कुत्र्यांआधी माणसे मरतात.

राखणीचे कुत्रे

चांगले राखणीचे कुत्रे म्हणजे केवळ आडदांड कुत्रे नव्हे. ते लहानपणापासून मेंढरांत वाढलेले असावे लागते. दीडदोन महिन्यांचे पिल्लू कळपात ठेवले, तेथेच त्याचे खाणे व झोपणे झाले, की ते मेंढरांना आपली मानू लागते आणि परक्या कुत्र्याला अडविते. मोठे झालेले कुत्रे विकत आणून कळपात सोडल्यास ते स्वतःच मेंढरांमागे धावण्याचा संभव असतो. बागलकोट जिल्ह्यातील मुधोळची कुत्री नावाजलेली आहेत व तेथील घोरपडे राजघराण्याने त्यांची जोपासना केली हे सर्वश्रुत आहे. परंतु ती जात दृष्टीच्या बळावर धावून शिकार करणारी आहे. मेंढरांजवळ रात्रभर बसून राहणे हा तिचा स्थायी गुण नाही. हिमालयातील गद्दी मेंढपाळ आपल्या कुत्र्यांच्या गळ्यात लोखंडी पट्टा घालतात, तो शत्रूचे दात नरडीत शिरू नयेत म्हणून. दख्खनमध्येही अशा पट्ट्याचा उपयोग करून पाहण्यास हरकत नाही.

एकटे कुत्रे टोळीपुढे टिकत नाही. निदान दोन हवीत. त्यांचे लसीकरण मेंढरांच्या लसीकरणाइतकेच नियमित असावे, कारण वाड्याचे कुत्रेच पिसाळले तर संरक्षकच भक्षक होतो. परदेशात राखणीसाठी गाढव ठेवण्याचीही चाल आहे. गाढवाला कुत्र्यांचा उपजत तिटकारा असतो. परंतु काही गाढवे नव्या कोकरांवर व शिंगरांवरही धावून जातात, म्हणून हा प्रयोग वितीच्या काळात करू नये.

गावाने काय करावे

मेंढपाळाने कितीही काळजी घेतली तरी निम्मे काम गावाच्या हाती राहते. मेलेली जनावरे ओढ्यात टाकणे, कोंबडीपालन केंद्रातील मेलेली पिल्ले रस्त्याकडेला फेकणे, मटणाच्या दुकानातील टाकाऊ भाग उकिरड्यावर सोडणे, या सवयींनी कुत्र्यांच्या टोळ्या पोसल्या जातात. पूर्वी मेलेल्या जनावराची विल्हेवाट गिधाडे लावीत. गेल्या शतकाच्या अखेरीस डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधाचा अंश असलेली जनावरांची प्रेते खाऊन गिधाडे मोठ्या प्रमाणावर मेली. २००६ साली जनावरांसाठी या औषधावर बंदी आली, परंतु गिधाडांची जागा तोपर्यंत कुत्र्यांनी घेतली होती. आता गिधाडे नाहीत असे समजूनच ग्रामपंचायतीने मृत जनावरांसाठी कुंपण घातलेली जागा राखून ठेवावी, सहा फूट खोल खड्डा काढावा व चुना टाकून तो बुजवावा.

विष घालण्याचा मार्ग सर्वस्वी टाळावा. विषाचे मांस दोषी कुत्र्याबरोबर वाड्याचे कुत्रे, कोल्हा आणि उरलेसुरले गिधाडही खाते. शिवाय भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ नुसार जनावराला विष घालणे, मारणे अथवा लुळेपांगळे करणे यास पाच वर्षांपर्यंत कारावास किंवा दंड अथवा दोन्ही होऊ शकतात. दुसऱ्या बाजूने, आपल्या ताब्यातील जनावरापासून माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर दुखापत संभवत असता पुरेशी खबरदारी न घेणाऱ्या मालकालाही त्याच संहितेच्या कलम २९१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड आहे. हे दुसरे कलम गावात फारसे कोणाला ठाऊक नसते. ते माणसांच्या सुरक्षेपुरते असले, तरी मेंढरे फाडणारी टोळी शाळेच्या वाटेवरही असते हे विसरता येत नाही.

भटक्या कुत्र्यांसाठी प्राणी जन्मनियंत्रण नियम, २०२३ लागू आहेत. त्यांनुसार कुत्री पकडून त्यांची नसबंदी व लसीकरण करणे आणि नंतर त्यांना मूळ जागी सोडणे ही स्थानिक संस्थेची जबाबदारी आहे. नसबंदीने संख्या हळूहळू घटते हे खरे. पण मेंढरांची चटक लागलेले कुत्रे नसबंदीने उद्या सकाळी सुधारत नाही, हेही तितकेच खरे. मेंढपाळांची तक्रार या विलंबाविषयी असते व ती गैर म्हणता येणार नाही. म्हणूनच तातडीचा उपाय नियमांत नव्हे तर घराघरांत आहे. ज्याचे कुत्रे आहे त्याने ते दिवेलागणीपासून उजाडेपर्यंत बांधून ठेवावे, गळ्यात पट्टा घालावा, आणि वाडा उतरल्याची वर्दी आली की त्या रात्री एकही घरचे कुत्रे मोकळे राहणार नाही असा ठराव ग्रामसभेने करावा. यास ना अनुदान लागते ना मंजुरी.

लसीकरणाने काय साधते याचे उदाहरण शेजारच्या गोव्यात आहे. तेथे शासनाने स्वयंसेवी संस्थेच्या साहाय्याने गेल्या दशकात दरवर्षी कुत्र्यांच्या सामुदायिक लसीकरणाची मोहीम चालविली. ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली तर रोगाची साखळी तुटते, हे तिच्यामागील सूत्र होते. कुत्र्यांतील रेबीजचे प्रमाण झपाट्याने उतरले, आणि २०२१ साली गोवा हे रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाले. या मोहिमेत शाळांतून मुलांना दिलेल्या धड्यांचा वाटा मोठा होता. अनोळखी कुत्र्यापासून पळू नये, चावा लपवू नये, जखम लगेच साबणाने धुवावी, एवढे तीन धडे प्रत्येक शिक्षकाला देता येतील.

हल्ल्यानंतरची पहिली घटका

हल्ला थांबताच प्रथम कळप एकत्र करून शांत करावा. पळालेले तट्टू विहिरीच्या किंवा तारेच्या बाजूला गेले नाही ना, हे पाहावे. मग एकेक जनावर हाताने चाचपावे. मेंढीच्या लोकरीखालचा चावा बाहेरून दाण्याएवढा दिसतो, पण दात आत शिरून कातडे व स्नायू सुटे झालेले असतात. लोकर कातरल्याशिवाय जखमेचा अंदाज येत नाही, आणि न कातरलेल्या जखमेत दोनतीन दिवसांत अळ्या पडतात. धाप लागलेले, कान थंड पडलेले जनावर पोते पांघरून सावलीत ठेवावे. गाभण मेंढ्या अंगावर जखम नसतानाही पुढील काही दिवसांत गाभडण्याचा संभव असतो. त्यांना वेगळे ठेवावे.

प्रत्येक जखम साबण व वाहत्या पाण्याने निदान पंधरा मिनिटे धुवावी व नंतर पोव्हिडोन आयोडीन लावावे. हळद, तंबाखू, चुना किंवा वंगण भरू नये. हातमोजे नसतील तर प्लॅस्टिकच्या पिशव्या हातांत घालाव्यात. चाव्याची जखम घाईने शिवून घेऊ नये. शिवणे आवश्यक आहे की नाही, हे पशुवैद्यकीय अधिकारी ठरवतील. धनुर्वाताला घोडा फार लवकर बळी पडतो, म्हणून जखमी तट्टाला व शिंगराला धनुर्वाताची लस त्याच दिवशी मिळाली पाहिजे.

चावणारे कुत्रे पिसाळलेले नव्हते अशी खात्री करून घेणे अवघड असते. म्हणून प्रत्येक चावलेले जनावर रेबीजच्या लसीस पात्र धरावे. ही लस सामान्यतः चाव्याच्या दिवशी व त्यानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी दिली जाते. वाडा रोज पुढे सरकत असतो, आणि येथेच मोठी अडचण उभी राहते. पहिली मात्रा एका गावात व तिसरी चाळीस मैलांवर, असे झाले की मधली एखादी मात्रा हमखास चुकते. पहिल्या दवाखान्याने तारखांसह चिठ्ठी लिहून दिली व पुढील दवाखान्यांनी ती प्रमाण मानली, तर ही अडचण बरीच कमी होईल. रोगाची लक्षणे काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनीही दिसतात. गुरामेंढरांत ती लाळ गळणे, घास न गिळणे, मागचे अंग लुळे पडणे अशी असल्यामुळे घशात काही अडकले असावे असे वाटते. अशा जनावराच्या तोंडात उघडा हात घालू नये. ज्याने घातला असेल, किंवा ज्याच्या जखमेला लाळ लागली असेल, त्याने त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन स्वतः लस घ्यावी. संशयित जनावराचे दूध व मांस वापरू नये.

पंचनामा व विमा

वन्य पशूने जनावर मारल्यास वनखात्याकडून भरपाई मिळू शकते. कुत्र्याने मारल्यास त्या तरतुदीचा उपयोग नाही. म्हणून लांडग्याचे नाव पुढे करण्याचा मोह होतो. पंचनाम्यात ते उघडे पडते, आणि खरा उपाय करण्याची वेळ निघून जाते. कर्नाटकात शेळ्यामेंढ्यांच्या आकस्मिक मृत्यूबाबत ‘अनुग्रह’ या नावाची साहाय्य योजना आहे. तिच्या अटी जवळच्या पशुचिकित्सालयात विचाराव्यात. राष्ट्रीय पशुधन अभियानाखालील विमा अधिक भरवशाचा आहे. फेब्रुवारी २०२४ मधील निर्णयानुसार हप्त्यापैकी केवळ १५ टक्के रक्कम पशुपालकाने भरावयाची असून उरलेली केंद्र व राज्य शासन भरते. एका कुटुंबाला दहा पशुएककांपर्यंत विमा उतरविता येतो. दहा मेंढ्या किंवा शेळ्या मिळून एक एकक धरतात, म्हणजे शंभर मेंढरांपर्यंत संरक्षण मिळते. घोडे व तट्टे यांचाही या विम्यात समावेश आहे, परंतु तट्टांचा विमा उतरविण्याचे सहसा कोणाला सुचत नाही.

मृत जनावरे हलविण्यापूर्वी जागच्या जागी छायाचित्रे घ्यावीत. त्यांत चाव्यांच्या जागा व आजूबाजूची जमीन स्पष्ट दिसावी. पोलीस पाटील किंवा ग्रामपंचायतीचा प्रतिनिधी आणि पशुवैद्यकीय अधिकारी यांना शक्य तर त्याच सकाळी बोलवावे. विमा उतरविताना कानात मारलेला बिल्ला मेलेल्या मेंढराच्या कानासह दाखवावा लागतो, म्हणून पंचनामा पुरा होईपर्यंत प्रेताची खाल काढू नये, आणि तोवर ते काट्यांनी झाकून ठेवावे. त्याच रात्री तीच टोळी त्या प्रेतांकडे परत येण्याचा संभव असतो.